आडनावांचा जमाखर्च



अमरावतीच्या कोणत्याही महाविद्यालयातला हजेरीपट उघडा. 'इ' आला की इंगळे, 'ग' आला की गावंडे, 'त' ला तायडे, 'र' ला राऊत, 'व' ला वानखडे. आणि 'द' आला की देशमुखांची रांगच लागते. नुसते 'देशमुख' म्हटले तर वर्गातून चारपाच जण एकदम 'हजर सर' म्हणतात. अकोल्याकडेही फारसा निराळा प्रकार नाही. पण त्याच हजेरीपटात एखादे आडनाव असे असते की ते त्या वर्गात एकदाच, त्या महाविद्यालयात एकदाच, आणि कित्येकदा साऱ्या जिल्ह्यातही एकदाच येते.

असे आडनाव असलेली एक विद्यार्थिनी अकरावीच्या वर्गात होती. तिचे आडनाव मी येथे देत नाही. ते दिले तर घर कोणते हे लगेच ओळखू येईल. दुर्मिळ आडनावाचा हा एक तोटाच म्हणायचा! प्रयोगशाळेत त्या दिवशी किरणोत्सर्गाचा अर्धायुकाल समजावून देण्यासाठी मी शंभर नाणी टेबलावर उधळत होतो. छापा पडलेली नाणी ठेवायची, काटा पडलेली बाजूला काढायची, उरलेली पुन्हा उधळायची. शंभराची पन्नासच्या आसपास, पन्नासाची पंचविसच्या आसपास, अशी नाणी कमी होत जातात. तास संपल्यावर ती मुलगी थांबली आणि म्हणाली, "सर, आम्ही दोघी बहिणीच. काकांनाही मुलगीच. आजोबा सारखे म्हणतात, 'आता आपलं नाव बुडालं वं माय.' खरंच बुडते काय सर? नाण्यांसारखं?"

प्रश्न वरवर घरगुती वाटतो. पण दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी हाच प्रश्न युरोपातील नामांकित शास्त्रज्ञांना पडला होता, आणि त्याच्या उत्तरातून निघालेले गणित पुढे अणुभट्टीपर्यंत जाऊन पोचले. तेव्हा आज आपण आडनावांचा जमाखर्च मांडू या. आधी जमा, म्हणजे आडनावे येतात कोठून ते पाहू. मग खर्च, म्हणजे ती जातात कशी ते पाहू.

जमेची बाजू

वऱ्हाडातील आडनावांचे चार मोठे झरे सांगता येतील. पहिला झरा वतनाचा. परगण्याचा देशमुख, देशपांडे, गावचा पाटील ही मुळात कामाची नावे होत. काम बापाकडून मुलाकडे जाई, म्हणून कामाचे नाव घराण्याला चिकटे. भारताचे पहिले कृषिमंत्री नव्हेत, पण १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे केंद्रात शेतीचे खाते सांभाळणारे डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातील पापळचे. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव कदम. देशमुखी आली आणि कदम मागे पडले.

दुसरा झरा गावाचा, म्हणजे 'कर' प्रत्ययाचा. यात एक गंमत आहे. अकोटात राहणाऱ्याला कोणी अकोटकर म्हणत नाही, कारण तेथे सगळेच अकोटचे. माणूस गाव सोडून दुसरीकडे जातो तेव्हा त्याला गावाचे नाव लागते. म्हणजे 'कर' हा प्रत्यय माणूस आज कोठे आहे हे सांगत नाही, तर त्याचा पूर्वज कोठून निघाला हे सांगतो. ओळख पटवण्याचे काम करील तेच नाव टिकते, हा नियम येथे दिसतो.

तिसरा झरा धंद्याचा: जोशी, गवळी, सुतार, लोहार. आणि चौथा झरा टोपणनावाचा: काळे, गोरे, बोबडे, त्याचप्रमाणे वाघ, कोल्हे यांसारखी प्राण्यांची नावे. टोपणनाव मूळ नावाला किती झाकून टाकते याचे उदाहरण तर आपल्या घरचेच आहे. शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर हे नाव किती जणांना ठाऊक असेल? पण हातातल्या फुटक्या मडक्यामुळे लोकांनी त्यांना गाडगेबाबा म्हटले, आणि आज अमरावतीच्या विद्यापीठाला तेच नाव आहे.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे गेलात तर कन्नमवार, वडेट्टीवार अशी 'वार' शेवटी असलेली आडनावे भेटू लागतात. तेलुगूतील 'वारु' या आदरार्थी शब्दाचा तो ठसा आहे. म्हणजे आडनावांचा नकाशा काढला तर भाषेची सीमासुद्धा त्यात उमटते.

आता एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्या. देशमुख प्रत्येक परगण्यात होता. त्यामुळे देशमुख या आडनावाचा झरा एक नसून अनेक आहेत. देशमुखांच्या मुलीचे सासरही देशमुखांकडेच, असे आपल्याकडे सर्रास आढळते, याचे कारण त्यांची कुळे वेगवेगळी आहेत. उलट एखाद्या घराला कोणा पूर्वजाच्या खोडीवरून किंवा एखाद्या लहानशा खेड्यावरून नाव पडले असेल, तर त्याचा झरा एकच. आपल्या विद्यार्थिनीचे आडनाव या दुसऱ्या प्रकारचे होते.

पूर्वी हे झरे वाहते होते. नवीन वतन मिळाले, गाव सोडले, नवा धंदा धरला की नवे आडनाव तयार होई. परंतु शाळेचा दाखला, सातबारा, १९६९ च्या कायद्याने देशभर एकसारखी झालेली जन्ममृत्यूची नोंद यांनी आडनाव कागदावर पक्के झाले. आता राजपत्रात जाहिरात देऊन कोणी आडनाव बदलले, किंवा लिहिणाऱ्याच्या हातून 'वानखडे' चे 'वानखेडे' झाले, एवढीच काय ती नवी भर. हौदाचा नळ बंद झाला आहे, असे समजा. आता मोरी उघडी आहे का ते पाहू.

गॉल्टनचा प्रश्न

इंग्लंडात फ्रान्सिस गॉल्टन नावाचे शास्त्रज्ञ होते. चार्ल्स डार्विन त्यांचे आतेमामेभावांच्या नात्यातले. इंग्लंडातील नामवंत घराण्यांची आडनावे भराभर नाहीशी होतात, हे त्या काळी अनेकांच्या लक्षात आले होते. मोठेपणा आला की वंशाची जोम ओसरतो, असे लोक सहज म्हणत. गॉल्टन यांना शंका आली की, हे नुसत्या योगायोगानेही घडत असेल. १८७३ साली 'एज्युकेशनल टाइम्स' या नियतकालिकात त्यांनी वाचकांना कोडे घातले. ते थोडक्यात असे: एका देशात पुष्कळ पुरुष आहेत, प्रत्येकाचे आडनाव निराळे. शेकडा इतक्यांना वयात येणारा एकही मुलगा नाही, इतक्यांना एक, इतक्यांना दोन, असे पाचापर्यंत प्रमाण दिले आहे. तर अमुक पिढ्यांनंतर किती आडनावे उरतील?

समाधानकारक उत्तर येईना, तेव्हा गॉल्टन यांनी आपले मित्र रेव्हरंड हेन्री विल्यम वॉटसन यांना गाठले. हे पाद्री गणितात निष्णात होते. दोघांचा निबंध १८७४ साली वाचला गेला. वॉटसन यांची युक्ती इतकी सोपी आहे की ती आठवीच्या विद्यार्थ्यालाही वापरता येईल. चला, आपणच करू.

दोन मुलांचे घर

कल्पना करा की, प्रत्येक घरात बरोबर दोन मुले होतात. मुलगा किंवा मुलगी होण्याची शक्यता सारखीच, म्हणजे निम्मी निम्मी. (प्रत्यक्षात मुलगे किंचित अधिक जन्मतात, पण हिशेबासाठी तो फरक सोडून देऊ.) आडनाव मुलाकडून पुढे जाते, मुलीकडून जात नाही. आता एका पुरुषापासून निघालेले आडनाव पहिल्याच पिढीत संपण्याची संभाव्यता किती? दोन्ही मुली झाल्या तर संपले. अर्ध्याचे अर्धे, म्हणजे ०.२५.

दुसऱ्या पिढीपर्यंत संपण्याची संभाव्यता काढताना थोडा विचार करावा लागतो. त्या पुरुषाच्या एकेका अपत्याकडे पाहा. ते अपत्य आडनाव पुढे नेणार नाही, असे दोन प्रकारे होईल. एक तर ती मुलगी असेल. याची शक्यता १/२. किंवा तो मुलगा असेल, पण त्याची शाखा पुढच्या पिढीत संपेल. याची शक्यता १/२ गुणिले ०.२५. दोन्हींची बेरीज ०.६२५. दोन्ही अपत्यांच्या बाबतीत तसे घडले पाहिजे, म्हणून याचा वर्ग करा: ०.३९.

म्हणजे नियम असा झाला: मागच्या पिढीचे उत्तर घ्या, त्यात १ मिळवा, २ ने भागा आणि वर्ग करा. पुढच्या पिढीचे उत्तर हाती येते. गणकयंत्र घेऊन बसा आणि पडताळून पाहा:

१ पिढी: ०.२५
२ पिढ्या: ०.३९
३ पिढ्या: ०.४८
५ पिढ्या: ०.६०
१० पिढ्या: ०.७४

शंभर पुरुष, शंभर निराळी आडनावे अशी सुरुवात केली, तर दहा पिढ्यांनी त्यांतली ७४ आडनावे गेली! लोकसंख्या मात्र घटलेली नाही. सरासरीने पुरुष शंभराचे शंभरच आहेत, कारण दोन अपत्यांत सरासरी एक मुलगा. फक्त ते शंभर जण आता २६ आडनावांत वाटले गेले, दर आडनावाला सुमारे चार. जी उरली ती कोणी पराक्रमी घराणी होती असे नाही, आणि जी गेली त्यांच्या हातून काही पाप घडले असेही नाही. नाणी तशी पडली, इतकेच.

तीन मुले, एक मूल

आता प्रत्येक घरात तीन मुले वाढतात असे धरा. नियम तोच, फक्त वर्गाच्या जागी घन करा. पिढ्यांमागून पिढ्या हिशेब करीत गेलात तर उत्तर ०.२३६ च्या जवळ येऊन थांबते, पुढे सरकतच नाही. ज्यांना बीजगणिताची आवड आहे त्यांनी हे उत्तर बरोबर ५ चे वर्गमूळ वजा २ इतके येते हे सिद्ध करून पाहावे. म्हणजे शंभरातील सुमारे २४ आडनावे जातात, तीही बहुतेक सुरुवातीच्या दोनतीन पिढ्यांतच. बाकीची मात्र फोफावतात.

आणि घरटी एकच मूल असेल तर? मग मुलगा झाला तर नाव राहिले, मुलगी झाली तर गेले. दर पिढीला निम्मी आडनावे शिल्लक. हाच तो माझ्या टेबलावरचा नाण्यांचा प्रयोग, हाच किरणोत्सर्गाचा नियम! एक पिढी हा तेथे आडनावाचा अर्धायुकाल. दहा पिढ्यांनंतर १०२४ आडनावांतले एक उरेल.

या तीन उदाहरणांत एक किल्ली दडलेली आहे. एका पुरुषाला सरासरी किती मुलगे, यावर सगळे अवलंबून आहे. सरासरी एकाहून कमी असेल तर लोप निश्चित आणि लवकर. सरासरी बरोबर एक असेल तरीही लोप निश्चितच, मात्र तो रेंगाळत होतो. सरासरी एकाहून अधिक असेल तरच काही आडनावांना कायमचे टिकण्याची संधी मिळते.

यावरून आपल्या देशाचा हिशेब करता येतो. १९०१ साली भारताची लोकसंख्या सुमारे २४ कोटी होती, २०११ साली ती १२१ कोटी झाली. साधारण चार पिढ्यांत पाचपट, म्हणजे दर पिढीला सुमारे दीडपट. सरासरी दीड मुलगा म्हणजेच आपले तीन मुलांचे घर! तेव्हा तुमचे पणजोबा ते तुम्ही हा काळ आडनावांना भारी सुखाचा गेला. परंतु २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले आढळली. म्हणजे सरासरी मुलगा एकाहून कमी. आता काटा दुसरीकडे झुकला आहे.

मग देशमुखही संपणार का? सिद्धांताने होय, व्यवहारात नाही. दोन मुलांच्या हिशेबात एका घराचे नाव दहा पिढ्यांत जाण्याची शक्यता ०.७४. वीस स्वतंत्र घरे असतील, तर ती सगळीच जाण्यासाठी ०.७४ ला स्वतःनेच वीस वेळा गुणावे लागेल. उत्तर येते चारशेत सुमारे एक. शेकडो घरे असतील तर ही शक्यता शून्यासारखीच. आडनावाचे रक्षण करते ती त्याची संख्या. ज्याचे एकच घर आहे, त्याचे नशीब एका नाण्यावर टांगलेले असते.

चूक कोठे झाली?

वॉटसन यांची युक्ती बरोबर होती, पण निष्कर्ष चुकला. त्यांनी सांगितले की, प्रत्येक आडनाव अखेर नाहीसे होणारच. चूक शोधून पाहा. आपल्या नियमात उत्तर म्हणून १ घाला. १ अधिक १ भागिले २ म्हणजे १, त्याचा वर्ग करा की घन करा, १ च. म्हणजे '१' हे उत्तर समीकरणात नेहमीच बसते. वॉटसन यांना ते दिसले आणि ते तेथेच थांबले. तीन मुलांच्या उदाहरणात ०.२३६ हे दुसरेही उत्तर असते आणि खरे तेच असते, हे त्यांच्या नजरेतून सुटले. समीकरणाचे एक बीज सापडले म्हणून पेन खाली ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे!

ही चूक पन्नासहून अधिक वर्षे तशीच राहिली. १९२७ साली जे. बी. एस. हॉल्डेन यांनी एखादे नवे जनुक प्राण्यांच्या समूहात टिकेल की नाही यासाठी हेच गणित योग्य रीतीने वापरले. हे हॉल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. १९२९ मध्ये डेन्मार्कचे एर्लांग यांनी हा प्रश्न पुन्हा मांडला. टेलिफोनच्या वाहतुकीचे गणित बसवणारे हे गणिती; त्या वाहतुकीच्या एककालाच आज 'एर्लांग' म्हणतात. त्यांच्या आईचे माहेर क्रारूप घराण्याचे, आणि ते आडनाव लोपाच्या वाटेवर होते. म्हणजे आपल्या विद्यार्थिनीची काळजी एर्लांग यांच्याही मनात होती. एर्लांग त्याच वर्षी वारले. संपूर्ण उत्तर १९३० साली त्यांचेच देशबांधव स्टेफेन्सन यांनी प्रसिद्ध केले.

मौज अशी की, यातले काहीच पहिले नव्हते. १९७२ साली दोन संशोधकांनी दाखवून दिले की, फ्रान्समधील इरेने-जूल बिएनेमे यांनी १८४५ मध्येच, गॉल्टन यांच्या २८ वर्षे आधी, एका छोट्या टिपणात अचूक नियम सांगितला होता. सरासरी एक किंवा कमी असेल तर लोप निश्चित, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आडनावांच्या लोपाचा नियम सांगणाऱ्याचेच नाव सव्वाशे वर्षे लोप पावले होते! आता या गणिताच्या नावात त्यांचेही नाव जोडले जाते.

आडनावापासून अणुभट्टीपर्यंत

पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला या गणिताची ओढ का, ते आता सांगतो. युरेनियम-२३५ च्या अणुगर्भावर न्यूट्रॉन आदळला की अणुगर्भ दुभंगतो आणि सरासरी सुमारे अडीच नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांतले काही निसटून जातात, काही नुसते शोषले जातात, काही पुढचा अणुगर्भ फोडतात. एका न्यूट्रॉनमागे पुढच्या पिढीत अणुगर्भ फोडणारे सरासरी किती न्यूट्रॉन, हा येथे प्रश्न. ते एकाहून कमी असतील तर साखळी विझते. एकाहून अधिक असतील तर ती वाढत जाते. अणुभट्टी चालवायची म्हणजे हा आकडा बरोबर एकावर सांभाळायचा. तुर्भे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी आपली 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली, तेव्हा शास्त्रज्ञ हाच आकडा एकावर आणत होते. न्यूट्रॉनला आडनाव नसते, पण त्याची वंशावळ त्याच नियमाने चालते.

जुनी आडनावे, थोडी आडनावे

या नियमाचा एक पडताळा जगाच्या नकाशावर मिळतो. नवी आडनावे तयार होणे थांबून जितका काळ लोटला असेल, तितकी आडनावे थोडी उरलेली असली पाहिजेत. चीनमध्ये आडनावांची प्रथा फार प्राचीन. तेथे वांग, ली, झांग यांसारखी मोजकी आडनावे कोट्यवधी लोकांची आहेत. दक्षिण कोरियात दर पाचांतला साधारण एक माणूस किम आहे. कोरियात बड्या घराण्यांची आडनावे पुष्कळांनी धारण केली हेही त्याचे एक कारण आहेच. उलट फ्रान्समध्ये आडनावे पुष्कळ उशिरा स्थिर झाली. १५३९ च्या राजाज्ञेने चर्चमधून बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवणे आवश्यक झाले. म्हणून तेथे आजही लाखो निरनिराळी आडनावे आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माणसांची. फ्रान्सच्या सांख्यिकी संस्थेने १८९१ ते १९९० या शंभर वर्षांतील जन्म पंचवीस पंचवीस वर्षांच्या टप्प्यांत आडनावाप्रमाणे मोजून ठेवले आहेत. त्यात एखादे दुर्मिळ आडनाव कसे विरत गेले ते पाहता येते. आपल्याकडची बहुतेक आडनावे त्या मानाने कोवळी आहेत. आपली मोरी आता कोठे वाहू लागली आहे.

मग बुडते ते काय?

आता आपल्या विद्यार्थिनीच्या आजोबांकडे वळू. त्यांची आडनावाची काळजी गणिताने खरी ठरवली. त्यांचे नाव बहुधा जाईल. परंतु 'नाव बुडाले' म्हणताना त्यांच्या मनात 'वंश बुडाला' असे असते. ते मात्र साफ चूक आहे.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडून, एक वडिलांकडून. नात असो की नातू, आजोबांच्या वारशाचा सरासरी चौथा हिस्सा दोघांतही असतो. बापाकडून मुलाकडेच जाणारे असे एकच गुणसूत्र आहे, ते 'वाय'. ते आडनावाच्या वाटेनेच प्रवास करते. पण माणसाच्या सुमारे वीस हजार जनुकांपैकी त्याच्यावर असतात शंभराच्या आसपास. उलट पेशीतील तंतुकणिकांचा वारसा फक्त आईकडूनच येतो. तो मुलग्यापाशी थांबतो आणि मुलीकडूनच पुढे जातो.

आणखी एक हिशेब करा. तुम्हांला आईवडील २, आजीआजोबा मिळून ४, पणजी-पणजोबा ८. असे दहा पिढ्या मागे गेलात तर पूर्वजांच्या जागा १०२४ होतात. (नात्यात लग्ने झाल्यामुळे तोच पूर्वज एकाहून अधिक जागी येऊ शकतो.) तुमचे आडनाव या १०२४ जागांपैकी फक्त एका जागेवरून आलेले आहे. उरलेल्या १०२३ जागांवरची माणसे तुमच्या रक्तात तितकीच आहेत. त्यांची नावे तुमच्यापुरती केव्हाच बुडाली, आणि तुम्हांला त्याची खंतही नाही!

एका आडनावासाठी मुलगाच हवा, या हट्टाची किंमत मात्र खरोखरीची आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे फक्त ८९४ मुली आढळल्या. निसर्ग सोडला तर ही संख्या ९५० च्या आसपास असायला हवी. गर्भलिंग तपासण्याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, देशाने १९९४ साली. कायदा झाला, पण घराघरांतले ते एक वाक्य अजून चालूच आहे. १०२४ पैकी एका जागेच्या नावासाठी जिवंत मुलगी नाकारायची, हा व्यवहार कोणत्याही जमाखर्चात बसत नाही.

करून पाहा

वर्गातल्या ४० विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एक काल्पनिक आडनाव घ्यावे. प्रत्येकाने दोन नाणी उडवावीत; जितके छापे तितके मुलगे. पुढच्या पिढीत प्रत्येक मुलग्यासाठी पुन्हा दोन नाणी. ज्याचे मुलगे शून्य झाले त्याने खाली बसावे. गणित सांगते की पहिल्या पिढीनंतर सुमारे ३०, दुसरीनंतर २४, तिसरीनंतर २१, पाचवीनंतर १६ विद्यार्थी उभे राहतील. प्रत्यक्षात किती राहिले ते आलेखावर मांडा. शिक्षकांनी शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरातील जुन्या आणि नव्या वर्षांची आडनावे मोजून घेतली तर फारच उत्तम. पुष्कळ वेळा आलेली आडनावे थोडी आणि एकदाच आलेली पुष्कळ, असे बहुधा दिसेल.

त्या विद्यार्थिनीला मी हे सगळे सांगितले. आठवडाभराने ती वहीचे एक पान घेऊन आली. आठ पणजी-पणजोबांचे चौकोन तिने आखले होते आणि आजोबांना शेजारी बसवून पणज्यांची माहेरची आडनावे विचारली होती. आजोबांनी आपल्या आईचे माहेर चटकन सांगितले. सासूचे माहेर आठवायला त्यांना संध्याकाळ लागली. आईकडच्या पणज्यांपैकी एकीचे नाव मामाला फोन करून मिळाले. दुसरीचे कोणालाच सांगता आले नाही. तो एक चौकोन कोरा होता.

तुम्हीही असे पान आखा. घरातली वडीलधारी माणसे आहेत तोवर विचारून घ्या. आडनाव टिकवणे आपल्या हाती नाही. पण कोरे चौकोन भरणे पुष्कळसे आपल्याच हाती आहे.